मूल कोणाकडे राहील? विभक्त पालकांसाठी ताब्याच्या अर्जापासून आदेशाच्या अंमलबजावणीपर्यंत

नवरा-बायको वेगळे राहू लागले की पहिले काही आठवडे दागिने, भाड्याच्या घराचे डिपॉझिट आणि संयुक्त खाते यांच्या वादात जातात. मूल कोणाकडे राहणार हे तोवर परिस्थितीनेच ठरवून टाकलेले असते: आई माहेरी गेली तेव्हा लहान मूल तिच्याबरोबर गेले, किंवा शाळा जवळ म्हणून मोठे मूल वडिलांकडे, आजी-आजोबांजवळ राहिले. तात्पुरती सोय आहे असे समजून दोघेही गप्प बसतात. सहा-आठ महिन्यांनी प्रकरण न्यायालयात उभे राहते तेव्हा तीच सोय ‘सध्याची स्थिती’ झालेली असते, आणि रुळलेल्या मुलाला तिथून उचलायला न्यायाधीश सहजासहजी तयार होत नाहीत. म्हणून ताब्याच्या प्रश्नाला घटस्फोटाच्या दाव्याचे शेपूट न मानता वेगळे होण्याच्या पहिल्या महिन्यातच हात घालावा. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या कामकाजाला धरून आहे. वकिलाचा सल्ला प्रत्येकाला लागेलच, पण सल्ल्याचा निम्मा वेळ शब्दांचे अर्थ विचारण्यात जाऊ नये एवढी तयारी यातून व्हावी.

पहिली पायरी: नेमके काय मागायचे ते ठरवणे

पालकत्व, ताबा आणि भेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी झोपते, कोणाच्या हातचा डबा नेते. आणि भेट म्हणजे ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला मिळणारा सहवास, ज्यात रात्रीचा मुक्काम, सुट्टीतले दिवस आणि व्हिडिओ कॉल हेही येतात. ताबा आईला मिळाला म्हणून वडिलांचे पालकत्व संपत नाही आणि वडिलांना मिळाला म्हणून आईचेही संपत नाही.

हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असे शब्द आहेत. गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली त्या ‘नंतर’चा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच न घेता ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. म्हणजे वडील हयात असूनही मुलाकडे पाहत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते. त्याच कलमात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे म्हटले आहे. ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दावर बरीच वकिली खर्ची पडते. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली न्यायालयाने स्पष्ट केले की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर येते. आईने आपली योग्यता सिद्ध करत बसायची नाही. पाच वर्षे पूर्ण झाली म्हणजे मूल आपोआप वडिलांकडे जाते, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांत सारखाच पसरलेला आढळतो. १९५६ च्या कायद्याचे कलम १३ सांगते की मुलाचे हित सर्वोपरी आहे, आणि बाकी सर्व तरतुदी त्याच्या खाली वाचल्या जातात.

दुसरी पायरी: कायदा आणि न्यायालय निवडणे

घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा (लग्न न मोडता कायद्याने वेगळे राहण्याचा) अर्ज आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच प्रकरणात ताबा, शिक्षण आणि पोटगी यांविषयी अर्ज करता येतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांना कलम ३८ ची तशीच सोय आहे, आणि ख्रिस्ती व पारशी विवाह कायद्यांतही समांतर तरतुदी आहेत. घटस्फोट मागायचाच नसेल, फक्त मुलाचा प्रश्न असेल, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना उपलब्ध असलेला मार्ग आहे. मुस्लिम कुटुंबांतही आईच्या ताब्याच्या वयाविषयी व्यक्तिगत कायद्याचे नियम असले, तरी अर्ज बहुधा याच कायद्याखाली होतो आणि मुलाचे हित तिथेही तपासले जाते.

पत्नीला मारहाण किंवा छळ होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ चे कलम २१ लक्षात ठेवावे. दंडाधिकारी त्याखाली मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीला देऊ शकतात, आणि भेटीमुळे मुलाला धोका आहे असे वाटले तर समोरच्याची भेट नाकारूही शकतात. हा आदेश तातडीचा आसरा आहे. कायमच्या ताब्याचा निर्णय कौटुंबिक न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो.

कोणत्या गावातल्या न्यायालयात जायचे, याचे उत्तर १८९० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे: मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथे. मूल पुण्यात शाळेत जात असेल आणि वडील नागपूरला राहत असतील, तर या कायद्याखालचा अर्ज पुण्यात होतो. एका पालकाने मुलाला परस्पर दुसऱ्या शहरात नेले असेल, तर नेमका याच मुद्द्यावर पहिला वाद होतो, आणि त्यासाठी मूल आधी कुठे राहत होते याचा कागदोपत्री पुरावा लागतो. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालये आहेत आणि तिथे हे विषय त्यांच्याकडेच जातात. जिथे ती नाहीत तिथे जिल्हा न्यायालयात चौकशी करावी; घटस्फोटाचे अर्ज मात्र तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात.

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ मुळे तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. प्रत्यक्षात परवानगीचा छोटा अर्ज दिला जातो आणि ती बहुधा मिळते, पण स्वतःचे म्हणणे स्वतः मांडायची मुभा आहे हेही विसरू नये. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरणांविषयीच्या १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते.

तिसरी पायरी: कागद जमवणे

जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे आणि मुलाचे आधार, शाळेचे बोनाफाइड, गेल्या दोन-तीन वर्षांच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एवढे तर लागतेच. यांतले बहुतेक कागद कपाटात असतात आणि कपाट एकाच्याच घरी असते, म्हणून ज्याच्याकडे ते नाहीत त्याने शाळा, रुग्णालय आणि महापालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याकडून प्रती आधीच मागून घ्याव्यात. शाळेच्या डायरीत पालकाची सही कोणाची आहे, पालकसभेला कोण जात होते, दवाखान्याच्या नोंदीत बरोबर आलेल्याचे नाव काय आहे, या बारीकसारीक गोष्टी पुढे उलटतपासणीत फार उपयोगी पडतात, कारण त्या भांडण सुरू होण्याआधीच्या असतात.

पोटगीचाही प्रश्न असेल, आणि तो जवळजवळ नेहमी असतोच, तर दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नागपूरच्या एका प्रकरणातून वर गेलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा नमुनाच घालून दिला. ते प्रतिज्ञापत्र भरताना उत्पन्न लपवण्याचा मोह पुष्कळांना होतो. बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्रे मागवली की ते उघडे पडते, आणि मग ताब्याच्या प्रश्नातही त्या माणसाच्या शब्दाला वजन उरत नाही.

चौथी पायरी: अर्ज लिहिणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि नेमका इथेच सर्वांत कमी दिला जातो. ताब्याचे अनेक अर्ज असे असतात की पंचवीस पानांपैकी बावीस पाने जोडीदाराच्या अवगुणांची, सासूच्या टोमण्यांची आणि लग्नातल्या मानपानाची, आणि मुलाविषयी शेवटी दोन परिच्छेद, तेही ‘अज्ञान मुलाच्या हितासाठी ताबा अर्जदाराकडे असणे न्यायाचे आहे’ अशा ठरावीक भाषेत. न्यायाधीशांना त्या दोन परिच्छेदांवरच निर्णय द्यायचा असतो.

अर्जात मुलाचा एक दिवस लिहावा. ते किती वाजता उठते, त्याला शाळेला कोण सोडते, दुपारी घरी आल्यावर दार कोण उघडते, अभ्यास कोण घेते, आजारी पडल्यावर रजा कोण काढते, रात्री कोणाजवळ झोपते. हे सर्व आज कसे चालते आणि ताबा आपल्याकडे आल्यावर कसे चालेल, दोन्ही सांगावे. नोकरी करणाऱ्या आईने किंवा वडिलांनी कामाच्या वेळात मुलाकडे कोण पाहील ते स्पष्ट लिहावे; आजी पाहील असे म्हणायचे असेल तर आजीचे वय, तब्येत आणि ती कुठे राहते हेही लिहावे. उलटतपासणीत हा प्रश्न येणार हे ठरलेलेच असते, आणि अर्जात जे लिहिलेले नाही ते साक्षीच्या वेळी बनवून सांगितल्यासारखे वाटते.

जोडीदाराच्या ज्या वागण्याचा मुलावर थेट परिणाम होतो ते जरूर लिहावे: मुलासमोर केलेली मारहाण, व्यसन, मुलाला एकटे टाकून जाणे. तारीख, ठिकाण, कोणी पाहिले, त्यानंतर काय केले असे लिहावे. ‘चारित्र्य चांगले नाही’ असे मोघम आरोप टाळावेत. ते सिद्ध होत नाहीत, आणि मोठे होऊन मूल कधीतरी ते कागद वाचेल हेही ध्यानात असू द्यावे.

पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १० मध्ये अर्जात कोणता तपशील हवा याची यादीच आहे: मुलाचे नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, नेहमीचे राहण्याचे ठिकाण, मालमत्ता असल्यास ती, सध्या मूल कोणाकडे आहे, अर्जाचे कारण. पालक म्हणून नेमणूक मागितली असेल तर ती जबाबदारी घेण्यास तयार असल्याचे सही केलेले निवेदन जोडावे लागते आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हा कागद राहून गेला म्हणून तारखा पडू देऊ नयेत.

मुख्य अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या सोयीचा, अर्ज द्यावा. मुख्य अर्जाचा निकाल लागायला वर्षे जाऊ शकतात. मूल तोवर थांबत नाही. १८९० च्या कायद्याचे कलम १२ न्यायालयाला मुलाला समोर हजर करण्याचा आणि तात्पुरता ताबा देण्याचा अधिकार देते. मूल समोरच्याकडे असेल तर अंतरिम ताबा मिळेलच असे नाही, पण अंतरिम भेट मागितली नाही तर महिनोन्‌महिने मुलाचे तोंड दिसत नाही आणि मग ‘मूल तुम्हाला ओळखतही नाही’ हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या शिक्षणाचा आणि पोटगीचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असेही कायदा म्हणतो. वकिलांना त्याची आठवण करून देण्यात गैर काही नाही.

पाचवी पायरी: समुपदेशक आणि मध्यस्थी

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण दाखल झाले की ते बहुधा विवाह समुपदेशकांकडे जाते, कारण कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. पुष्कळ जण याला पुन्हा नांदायला पाठवण्याचा खटाटोप समजून टाळाटाळ करतात. तसे करू नये. नांदायचे नाही हे नम्रपणे सांगून मुलाच्या भेटीपुरते बोलणे तिथे पुढे नेता येते, आणि पहिल्या भेटी अनेकदा समुपदेशकांच्या देखरेखीखाली न्यायालयाच्या आवारातच सुरू होतात. त्या खोलीत मूल घाबरून रडले तर ते तुमच्या विरोधात आहे असे मानू नये. सोबत त्याचे आवडते खेळणे न्यावे, तासभर त्याच्याजवळ शांतपणे बसावे, आणि ‘आई काय म्हणते? बाबांकडे कोण येते?’ असे प्रश्न अजिबात विचारू नयेत. समुपदेशकांचे आणि भेटीवर देखरेख करणाऱ्यांचे लक्ष याच गोष्टींवर असते.

सहावी पायरी: न्यायाधीश काय पाहतात

१८९० च्या कायद्याचे कलम १७ मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य आणि क्षमता, नात्याची जवळीक यांचा उल्लेख करते, आणि मूल समजूतदारपणे आवड सांगण्याइतके मोठे असेल तर ती विचारात घेता येते असेही म्हणते. किती वर्षांचे मूल समजूतदार, याचा आकडा कायद्यात नाही. न्यायाधीश मुलाशी स्वतःच्या दालनात, आई-वडिलांना बाहेर बसवून बोलतात. मुलाने ‘मला आईकडेच राहायचे आहे’ असे सांगितले म्हणून ते तसेच होते असे नव्हे. ते शब्द त्याचे आहेत की पढवलेले, हेच न्यायाधीश तपासत असतात. पढवलेले मूल मोठ्यांचे शब्द वापरते, आणि ते ओळखू येते. मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी विष कालवण्याचा प्रकार न्यायालये गांभीर्याने घेतात.

जास्त पगार म्हणून ताबा मिळत नाही. पैशांची सोय पोटगीने करता येते. आई नोकरी करते किंवा पुन्हा लग्न केले आहे, एवढ्याने ताबा जातही नाही. भावंडे शक्यतो एकत्र ठेवण्याकडे कल असतो. शाळा मध्येच बदलावी लागेल का, हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चमध्ये विशेष जड होतो.

आई-वडिलांपैकी एकाचे निधन झाले आणि मूल मामा-मावशीकडे किंवा आजोळी राहिले, अशी प्रकरणे वेगळी. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली वडिलांना मूल परत देण्याचा निर्णय कायम ठेवला आणि अशा वेळी हेबियस कॉर्पसचा (बेकायदा अडवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याचा) अर्जही चालू शकतो असे म्हटले. एरवी मात्र एका पालकाने मूल नेले की दुसऱ्याने आधी पोलीस ठाणे गाठायचे, याचा फारसा उपयोग होत नाही; आदेश नसताना पोलीस ते अपहरण न मानता ‘न्यायालयात जा’ असे सांगतात. तक्रारीची पोच मात्र घेऊन ठेवावी, तारीख सिद्ध करायला ती लागते.

सातवी पायरी: अटी लिहिणे

ताब्याचे पुष्कळ वाद साक्षीपुराव्यापर्यंत न जाता संमतीच्या अटींवर मिटतात, विशेषतः परस्परसंमतीच्या घटस्फोटात. नंतरचे बहुतेक तंटे त्या अटींतल्या ढिलाईतून निघतात. ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ हे वाक्य कागदावर छान दिसते आणि पहिल्या दिवाळीलाच फाटते. दर महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा वाजता कुठून न्यायचे, रविवारी सायंकाळी सहा वाजता कुठे परत सोडायचे, आणायला-सोडायला फक्त पालक की काका-आत्याही चालतील, असे लिहावे. उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग कोणाकडे, आणि पहिला की दुसरा. गणपतीत किती दिवस. दिवाळीत पाडवा एकाकडे आणि भाऊबीज दुसऱ्याकडे की वर्षाआड. वाढदिवसाला दोन तास तरी दोघांना. मूल आजारी असेल तर हुकलेली भेट पुढच्या कोणत्या दिवशी भरून द्यायची, हेही. व्हिडिओ कॉलचा दिवस आणि वेळ ठरवावी. २०२० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काला मुलाचा हक्क म्हणून महत्त्व दिले आहे. शाळेचे प्रगतिपुस्तक आणि वैद्यकीय अहवाल दोघांनाही थेट मिळतील, पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहील, शहर बदलायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, फी कोण भरील आणि दरवर्षी किती वाढवील, हे सर्व अटींत असू द्यावे. या परिच्छेदाचा कंटाळा आला असेल, तर नंतर दर दुसऱ्या शनिवारी फोनवर होणारी वादावादी याहून कंटाळवाणी असते, एवढेच सांगतो. संमतीने दिलेल्या हुकुमावर अपील चालत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी अटी मोठ्याने वाचून घ्याव्यात.

आठवी पायरी: आदेश हातात आल्यावर

प्रमाणित प्रत लगेच मागावी आणि एक प्रत शाळेत द्यावी, म्हणजे मुलाला कोण नेऊ शकते याविषयी शिक्षकांची ओढाताण होत नाही. प्रत्येक भेटीची साधी नोंद वहीत ठेवावी. ठरलेल्या वेळी दार उघडले नाही तर तिथेच भांडण न करता तसा संदेश पाठवून परतावे, आणि दोन-तीनदा असे झाल्यावर अंमलबजावणीची दरखास्त (अर्ज) करावी. कलम १२ खालच्या निर्देशाप्रमाणे मूल हजर न करणाऱ्याला १८९० च्या कायद्याचे कलम ४५ दंड सांगते, तो आजही शंभर रुपये आणि पुढे रोजचे दहा रुपये एवढाच आहे. पण त्याच कलमात मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे, आणि तिचा नुसता उल्लेखही पुरतो. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे, किंवा पोटगी आली नाही म्हणून भेट थांबवणे, हे दोन्ही न्यायालयाला मान्य नसते.

कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निर्णयावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अंतरिम आदेशावर अपील नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग राहतो. आणि ताब्याचा कोणताही आदेश दगडावरची रेघ नसतो: परिस्थिती बदलली तर त्याच न्यायालयाकडे बदलाचा अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालय १९७३ पासून सांगत आले आहे. बदली, पुनर्विवाह, आजारपण, किंवा वयात येणाऱ्या मुलाची बदललेली इच्छा ही कारणे चालतात. मागच्याच निकालाविषयीची नाराजी चालत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. मुलांच्या आंतरराष्ट्रीय पळवणुकीविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे तो मुलाच्या हिताचा विचार करताना एक घटक मानला जातो. मात्र मूल नुकतेच आणले असेल तर संक्षिप्त चौकशी करून परत पाठवण्याचा अधिकार आपली न्यायालये वापरू शकतात, आणि तिकडचा आदेश मोडून आलेल्या पालकाला तिकडे परतणे अवघड होऊन बसते. गणपतीला म्हणून मुलाला पुण्याला आणायचे आणि परतीचे तिकीट रद्द करायचे असा विचार मनात असेल, तर तिकीट रद्द करण्यापूर्वी दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोलावे.